घरगुती पाळणाघर: दिवस घड्याळावर चालवायचा की मुलांच्या कलाने?

पाळणाघरवाली_ताई
मी घरीच पाळणाघर चालवते. सगळ्यात छोटं बाळ ८ महिन्यांचं, सगळ्यात मोठी ४ वर्षांची, बाकीची मधली. एका नवीन पालकांनी अर्ध्या अर्ध्या तासाचं टाइमटेबल मागितलंय, ९ ते साडेनऊ अमुक, साडेनऊ ते १० तमुक, आणि ते भिंतीवर लावलेलं पाहिजे. मी नाही म्हटलं. का ते इथे मांडते, कारण हा प्रश्न सगळ्याच पाळणाघरांना कधी ना कधी येतो.

क्रम ठरलेला हवा, मिनिटं नकोत, एवढंच माझं म्हणणं. दोन-अडीच वर्षांच्या मुलाला साडेअकरा म्हणजे काय ते कळत नाही पण बाहेरून आलो की हात धुवायचे, मग जेवण, मग गोष्ट, मग झोप हे पक्कं कळतं, आणि पुढे काय येणार ते माहीत असलं की मूल शांत असतं. अर्ध्या तासाचे तुकडे पाडले की खेळ जरा रंगात आला की लगेच "चला आवरा", मग आवरणं, हात धुणं, सगळ्यांना एका जागी आणणं यातच १०-१५ मिनिटं जातात आणि दिवसभर मुलं नुसती इकडून तिकडे हलवली जातात. विरोध असेल तर जरूर लिहा, मला ऐकायचंय.

शिस्त_हवीच
ताई, मला हे अजिबात पटलेलं नाही. नुसता क्रम पुरेसा आहे हे एका आईला एका मुलासाठी चालेल. तुमच्याकडे मोठं माणूस एक आणि मुलं अनेक. मी बालवाडीत बरीच वर्षं काम केलंय, घड्याळ नसलं की जे मूल मोठ्याने रडतं त्याचं आधी होतं आणि जे गप्प असतं ते ओल्या डायपरमधे तसंच बसून राहतं. डायपर दर दोन तासांनी बघायचा म्हणजे बघायचाच, शी केली की लगेच बदलायचा ते वेगळं. पाण्याचंही तेच, खेळात दंग असलेलं मूल स्वतःहून पाणी मागत नाही. जेवण रोज पुढेमागे झालं तर थकलेलं मूल ताटावरच पेंगतं, मग धड जेवण नाही आणि धड झोप नाही. वेळापत्रक मुलांनी वाचावं म्हणून नसतंच हो, ते आपल्याकडून कोणी सुटू नये म्हणून असतं.

दोन_पोरांचा_बाबा
बाकी दिवसाचं काहीही करा पण दुपारच्या झोपेची वेळ लेखी हवी. आमचा धाकटा साडेतीन वर्षांचा, पाळणाघरात कधी १ ला झोपतो कधी ३ ला, आणि ३ ला झोपला की ५ ला उठणार मग रात्री ११ पर्यंत टक्क जागा, सकाळी उठवताना सगळ्यांचेच हाल. झोपवूच नका म्हटलं तर बाकीचे झोपलेले आणि हा एकटाच बसलेला, ते पण बरं वाटत नाही. यावर काय करायचं सांगा.

झोपाळू_घराणं
@दोन_पोरांचा_बाबा, झोपेचा हिशोब २४ तासांचा करायचा असतो. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिनने २०१६ मधे दिलेले आकडे बघा, ४ ते १२ महिने १२ ते १६ तास, १ ते २ वर्षं ११ ते १४, आणि ३ ते ५ वर्षं १० ते १३ तास, सगळे दुपारची झोप धरून. म्हणजे साडेतीन वर्षांचा मुलगा दुपारी दोन तास झोपला तर रात्रीच्या वाट्याला तेवढी कमी येणार, त्यात पाळणाघराचा दोष नाही. ३ ते ५ वर्षांच्या दरम्यान बरीच मुलं दुपारची झोप सोडतात, कोणी लवकर कोणी उशिरा. अशा मुलाला अंथरुणावर पडून पुस्तक बघायला द्यायचं, झोप लागली तर लागू द्यायची आणि ठरलेल्या वेळेला पडदे उघडून हळूहळू उठवायचं. झोप लागलीच पाहिजे म्हणून थोपटत दामटून ठेवणं मला क्रूर वाटतं. आणि ज्याला खरंच झोप आलीये त्याला रात्री त्रास नको म्हणून जागं ठेवणं तेवढंच वाईट, हे पालकांनी पण ऐकावं.

खेळू_द्या
मी ताईंच्या बाजूने. टाइमटेबल आलं की त्यात चौकोन भरायला लागतात, आणि चौकोन भरायला रंगकाम, कागदकाम, फोटो काढायला काहीतरी. मारिया माँटेसोरींच्या पद्धतीत तीन वर्षांपुढच्या मुलांना सकाळी सलग तीन तास मोकळे असतात, मधे तोडत नाहीत, कारण मूल आधी नुसतं रेंगाळतं आणि मग कशात तरी बुडतं. ते बुडणं अर्ध्या तासात येत नाही.

दुसरं, डायपर बदलणं, भरवणं, कपडे घालणं ही मधली कामं नव्हेत, लहान बाळाचा दिवस म्हणजे तेच. हंगेरीच्या डॉक्टर एमी पिकलर यांनी १९४६ मधे बुडापेस्टला बालगृह सुरू केलं, तिथे हेच पाळत, बाळाला आधी सांगायचं की आता पाय उचलणार आहे, थांबायचं, त्याचा प्रतिसाद बघायचा. घड्याळ मानेवर बसलं की हे कोण करणार, सगळ्यांना ओळीने आडवं घालून भराभर उरकणारच.

शिस्त_हवीच
@खेळू_द्या, सलग तीन तास द्या ना, पण ते तीन तास कुठून काढणार? जेवण आणि झोपेच्या वेळा घट्ट बांधल्या तरच मधे मोकळा वेळ उरतो. आणि तुम्ही सोयीचं तेवढं घेताय. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या सूचनांमधे १ ते ४ वर्षांच्या मुलांना दिवसात मिळून किमान १८० मिनिटं हालचाल सांगितलीये, मुलाला खुर्चीत किंवा बाबागाडीत एका वेळी तासापेक्षा जास्त बांधून ठेवू नये म्हटलंय, दोन वर्षांच्या आत स्क्रीन नको आणि त्यापुढे जास्तीत जास्त एक तास. कलाने चाललेल्या घरात बाहेर जायचं आज राहिलं, उद्या राहिलं असं होतं आणि संध्याकाळी कंटाळलेल्या मुलांसमोर टीव्ही लागतो. मी हे पाहिलंय म्हणून एवढ्या तावातावाने लिहितेय.

पाळणाघरवाली_ताई
@शिस्त_हवीच, टीव्ही लागतो हे खरं आहे, बऱ्याच ठिकाणी लागतो. पण माझ्याकडे बाहेर जायचं राहतं तेव्हा त्याचं कारण बाळाची झोप असतं, आणि मिश्र वयाच्या घरात खरा तिढा हाच आहे, यावर कुठलंही छापील टाइमटेबल काही सांगत नाही. ८ महिन्यांचं बाळ सकाळी साडेनऊच्या आसपास झोपणार आणि दुपारी परत एकदा, मोठी मुलं त्याच वेळी उड्या मारायला निघालेली. बाळाला घरात एकटं ठेवून बाहेर जाता येत नाही, बाळाची झोप मोडता येत नाही, मोठ्यांना कोंडून ठेवता येत नाही. मी सगळी मुलं आली की आधी बाहेर नेते, बाळासकट, परत आल्यावर बाळ झोपतं आणि मोठी मुलं त्याच खोलीच्या दुसऱ्या टोकाला पाणी, माती, ठोकळे असं बसून खेळतात म्हणजे माझी नजर दोन्हीकडे राहते. बाळ बाबागाडीत झोपलं तर आल्या आल्या सपाट टणक गादीवर, पाठीवर, उशी पांघरूण खेळणं काही नाही. पण कधी बाळ लवकर पेंगलं तर बाहेरचं अर्धवट सोडून परत यावं लागतं, अशा वेळी भिंतीवरचा कागद बघून मी काय करू? महिन्याभरात त्या बाळाच्या वेळा बदलतात, साधारण सव्वा-दीड वर्षाच्या सुमारास दोनाची एक झोप होते तेव्हा तर पूर्ण दिवस नव्याने बसवावा लागतो.

चार_वाजताची_आजी
नातवाला आणायला मीच जाते. निघायच्या आधीचा तास कोणी मोजतच नाही बाई. मुलं थकलेली, एकेकाची आई येतेय, उरलेली दाराकडे बघत बसतात. त्या तासाला काहीतरी रोजचं एकच हवं, गाणी म्हणा, झाडांना पाणी घाला.

दोन_पोरांचा_बाबा
आजी, हे अगदी खरं, आमचा तर शेवटून पहिला असतो.
ताई, तुमची अडचण कळली पण पालकाला काहीतरी धरायला लागतं. चार वेळा लिहून द्या, जेवणाची, झोपेतून उठवायची उशिरात उशिराची, बाहेर जायची आणि औषधाची. मधलं तुमचं.

पाळणाघरवाली_ताई
औषधाची वेळ तर मिनिटावरच पाळते, त्यात वाद नाही. जेवण आणि उठवायची वेळ लिहून द्यायला पण तयार आहे. बाहेरची देणार नाही, "सकाळी, सगळी आल्यावर" एवढंच लिहीन. मुलांसाठी भिंतीवर चित्रं लावतेय, चप्पल, नळ, ताट, पुस्तक, अंथरूण या क्रमाने. आणि प्रत्येक मुलाची रोजची चिठ्ठी, किती वाजता झोपलं, किती खाल्लं, डायपर कधी बदलला. आधी ठरवलेल्या वेळेपेक्षा खरोखर झालेली वेळ पालकांच्या जास्त उपयोगाची आहे असं मला वाटतं.

शिस्त_हवीच
चिठ्ठी उत्तम, पण झाल्यावर लिहिलेली नोंद म्हणजे नियोजन नाही. बाहेरची वेळ तुम्ही लिहीत नाही तोवर मी विरोधातच. निदान डायपर आणि पाण्यासाठी दर दोन तासांचा गजर लावा, आणि बाळ आजारी असेल किंवा पाऊस असेल त्या दिवशी हालचालीचं काय करायचं ते आधीच ठरवून पालकांना सांगून ठेवा.