लॅपटॉप चालू होताना दर वेळी मॅक ॲड्रेस बदलावा का?

कोकणकडा
माझं मत: बदलावा, आणि आपोआप बदलावा. मॅक ॲड्रेस म्हणजे वायफाय कार्डाचा पत्ता, ४८ बिटांचा. पहिले तीन बाइट बनवणाऱ्या कंपनीचे, उरलेले त्या कार्डाचे. तो कायम राहिला की स्टेशन असो वा मॉल, तुम्ही ओळखू येता. २०१३ मध्ये लंडनच्या रस्त्यांवरच्या कचरापेट्या येणाऱ्याजाणाऱ्यांच्या फोनचे हे पत्ते टिपत होत्या! तिथल्या प्रशासनाने सांगितल्यावरच ते थांबलं. टेल्स ही लिनक्स प्रणाली चालू होतानाच पत्ता बदलते. मग आपल्या लॅपटॉपवर का नको?

सर्व्हररूम
कॉलेजचं नेटवर्क सांभाळतो, म्हणून कळकळीने सांगतो, नको. आमच्याकडे आयपीची (नेटवर्क प्रत्येक मशीनला देतं तो क्रमांक) लीज, म्हणजे तो राखून ठेवायची मुदत, २४ तासांची; सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एका भागात, जागा २५४. नवा मॅक म्हणजे नेटवर्कला नवं मशीन, म्हणून दिवसात चारदा रीस्टार्ट केलेला एक लॅपटॉप चार जागा अडवतो. हॉस्टेलच्या शंभर मुलांनी हेच केलं तर संध्याकाळी येणाऱ्याला आयपीच मिळत नाही. व्हायरस लागलेलं मशीन शोधायचं तरी कसं? आणि ज्या केबलवाल्याकडे मॅक बाइंडिंग (नोंदवलेल्या मॅकलाच नेट) आहे, तिथे पत्ता बदलला की नेट बंद.

कोकणकडा
लीज दोन तासांची करा. बाइंडिंगला कुलूप समजू नका, दुसऱ्याचा पत्ता कुणीही लावू शकतो. ओळख हवी तर प्रत्येकाला स्वतंत्र लॉगिन द्या.

मीठभाकर
कोकणकडा, हेतू पटतो, पण वेळ चुकतेय. लॅपटॉप बंद करतं कोण? झाकण मिटायचं नि निघायचं. आठवडाभर बूटच झाला नाही, तर घर, कॅफे, ऑफिस सगळीकडे पत्ता एकच. अँड्रॉइड १० आणि आयओएस १४ पासून फोन प्रत्येक वायफायसाठी वेगळा पत्ता वापरतात, ते जास्त शहाणपणाचं. लिनक्सवर जोडण्या सांभाळणाऱ्या नेटवर्कमॅनेजरमध्ये त्यासाठी 'स्टेबल' पर्याय आहे: एका वायफायला कायम एकच पत्ता. आणि हो, आयपी मागताना लॅपटॉप स्वतःचं नावही पाठवतो. ते 'स्नेहल-लॅपटॉप' असेल तर पत्ता बदलून काय मिळवलं?

कोकणकडा
नावाचा मुद्दा बिनतोड, ते पाठवणं बंद करायलाच हवं. पण नुसत्या 'स्टेबल'वर मी थांबणार नाही. एखाद्या कॅफेच्या सगळ्या शाखांत वायफायचं नाव एकच असतं. तिथे स्टेबल पत्ता म्हणजे शाखा कुठलीही असो, ओळख तीच. घरी आणि कॉलेजात स्टेबल, बाहेर प्रत्येक जोडणीला नवा.

सर्व्हररूम
कॉलेजात स्थिर राहणार असेल तर माझी हरकत नाही, लीजही कमी करतो. पण पत्ता आपोआप बदलायची स्क्रिप्ट नवख्या मुलांना सरसकट देऊ नका. लीज माझ्या हातात आहे, त्यांच्या घरच्या केबलवाल्याचं बाइंडिंग नाही.