विसर्जन मिरवणूक : दोन पथकं आणि रथ यांच्यात फट पडते, काय करावं?

कुमठेकरकडचा
मिरवणुकीची जबाबदारी यंदा प्रथमच आमच्याकडे आहे. मार्ग पुण्यातला कुमठेकर रस्ता ते अलका चौक. दोन ढोल-ताशा पथकं (प्रत्येकी 40 ढोल), ट्रॅक्टरवरचा फुलांचा रथ, मागे जनरेटर. पथक पुढे निघून जातं, रथ मागे राहतो, मधे गर्दी घुसते आणि मग पोलीस ओरडतात. शिवाय जनरेटर किती केव्हीएचा घ्यावा? जाणकारांनी सांगावं.

दोरीवाला
आधी लांबी मोजा. 40 ढोल चारच्या रांगेत लावले की दहा रांगा होतात. टिपरू (ढोल वाजवायची काठी) मोकळं फिरायला एका रांगेला सहा फूट लागतात, म्हणजे 60 फूट झाले. त्यात ताशे, झांजा, ध्वज, टोलगाडी (टोल हे वाद्य ठेवलेली गाडी) धरली की एक पथक साधारण 100 फुटांचं. दोन पथकं, रथ आणि जनरेटर मिळून तुमची मिरवणूक 250 फुटांच्या पुढे जाते. एवढ्या लांबीत पुढच्याला मागचं काही दिसत नाही आणि ढोल चालू असताना काही ऐकूही येत नाही. फट पडते ती इथेच.

म्हणून वेग रथाने ठरवायचा, पथकाने नाही. मिरवणूक प्रमुख रथाजवळच राहील आणि "चला", "थांबा" फक्त तोच म्हणेल. पुढच्या पथकाबरोबर त्याचा एक माणूस उलट्या तोंडाने, रथाकडे बघत चालेल. फोनवर विसंबू नका. अलका चौकात त्या दिवशी नेटवर्क बसलेलं असतं आणि वॉकी-टॉकी ढोलांत ऐकू येत नाही. उंच काठीवर दोन रंगांचे झेंडे बांधा, हिरवा वर गेला की चालायचं, लाल वर गेला की जागेवर वाजवायचं. ताशाप्रमुखाला ही खूण सरावातच दाखवा, कारण वादनाचा हात (ठरलेला ठेका) मधेच तोडता येत नाही. आवर्तन पूर्ण होईपर्यंतचा वेळ धरून लाल थोडा आधी वर करावा लागतो.

दोरी धरणाऱ्यांची संख्या कमी ठेवू नका. दोन्ही बाजूंना दर दहा फुटांवर एक माणूस हवा. दोन पथकांच्या 200 फुटांना 40 जण झाले, वर बदली दहा. दोरी सुती आणि जाड घ्या, नायलॉनने तळहात सोलतात.

रथ-ट्रॉली
ट्रॅक्टरबद्दल एक महत्त्वाचं. चालक अर्धा क्लच दाबून मुंगीच्या चालीने रथ सरकवत राहतो आणि दोन-तीन तासांत क्लच प्लेट जळते. मग रथ चौकात अडकतो, मागची सगळी मंडळं खोळंबतात. सर्वांत खालचा गिअर, क्लच पूर्ण सोडून 20-30 फूट जायचं, मग न्यूट्रल करून थांबायचं. थांबलं की चाकांना लाकडी ठोकळे. ते लावणारी दोन माणसं कायमची नेमून द्या, नाहीतर तिसऱ्या थांब्याला ठोकळे कुठे आहेत तेच कळत नाही.

वळणावर ट्रॉलीची मागची चाकं आतल्या बाजूला कापतात, लोकांच्या पायांवर येतात. आतल्या कोपऱ्यावर एक माणूस हवाच. उंची मात्र टायरमध्ये हवा भरल्यावर, मूर्ती आणि कळस बसवून मोजा. वर फूटभर मोकळी जागा ठेवा, कारण खड्ड्यात रथ हिंदकळतो. केबल आणि इंटरनेटच्या लोंबत्या तारा उचलायला कोरड्या बांबूला आडवी लाकडी पट्टी ठोका. विजेच्या तारेला हात लावायचा नाही, तिच्यासाठी आधीच महावितरणकडे जा. संभाजी पुलावरून जाणार असाल तर वरून मेट्रोचा मार्ग आहे. तिथली उंची स्वतः मोजून मगच कळस ठरवा, शक्यतो दुमडता येणारा करा.

जनरेटर : एलईडी रोषणाई सहा किलोवॅट आणि ध्वनी दोन धरला तर 15 केव्हीए पुरतो, तो साधारण 12 किलोवॅट देतो. तासाला तीन-साडेतीन लिटर डिझेल जातं. मिरवणूक दुसऱ्या दिवसापर्यंत लांबली तर 80 लिटर लागेल. ते रथावर ठेवू नका, आणि जनरेटर बंद करून थंड झाल्याशिवाय भरू नका. अर्थिंग आणि अग्निशामक ही रोषणाईआधीची खरेदी आहे.

कुमठेकरकडचा
धन्यवाद! रात्री बारानंतर काय करतात? आणि पाऊस आला तर?

दोरीवाला
ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहाला बंद. ठरावीक दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देतं. बारा ते सकाळी सहा वाद्यं बंद धरूनच आखणी करा. तुमचा क्रम उशिराचा असेल तर दुसरं पथक सहानंतर बोलवा, मुलं सहा तास रस्त्यावर ताटकळत बसायला नकोत. पथकांची संख्या, ढोलांची मर्यादा दरवर्षीच्या पोलीस आदेशात पाहा.

पावसात चामड्याचं पान सैल पडतं आणि आवाज बसतो. ताशाची जादा पानं, जादा टिपऱ्या, काड्या आणि प्रत्येक ढोलाला प्लास्टिकचं आच्छादन टोलगाडीत ठेवा. पाणी 100 जणांना सहा तासांसाठी माणशी तीन लिटर, म्हणजे 20 लिटरचे 15 जार. सोबत ओआरएस, बोटांना चिकटपट्टी, कानात बोळे.

रुग्णवाहिका आली तर पथकाने एका बाजूला दोनच्या रांगेत सरकायचं. हे मैदानावर दोनदा करून घ्या. रस्त्यावर सांगून ते जमत नाही, कारण पाठीमागून सायरन आला तरी वादकाला तो ऐकूच येत नाही.