न्यू जर्सीत लायब्ररीतून मराठी पुस्तकं कशी मिळवता?

चिंगीची_आई: सासूबाई सहा महिन्यांसाठी आल्यात. येताना वजनाच्या भीतीने सातच पुस्तकं आणली (गोडा मसाला आणि लोणचं मात्र अडीच किलो), ती तीन आठवड्यांत वाचून झाली. आमच्या इथल्या लायब्ररीत मराठीचं अर्धं शेल्फ आहे, तेही संपलं. लिबीवर (लायब्ररीची ई-पुस्तकं वाचायचं ॲप) मला मराठी काही सापडलं नाही आणि त्यांना फोनवर वाचायला आवडतही नाही. कॅटलॉगमध्ये साधी ज्ञानेश्वरी टाकली तरी शून्य रिझल्ट! तुम्ही लोक काय करता?

रारीटनकाठचा: नुसती तुमची ब्रँच बघू नका. आपल्या मिडलसेक्स काऊंटीतल्या बऱ्याच गावांच्या लायब्रऱ्यांचा एकच कॅटलॉग आहे, दुसऱ्या गावचं पुस्तक होल्डवर टाकलं की ते तुमच्याच ब्रँचला येऊन पडतं, आपण फक्त उचलायचं. तिथेही नसेल तर जर्सीकॅट आहे, राज्यभराच्या लायब्रऱ्यांचा. आणि तरीही नाही मिळालं तर काउंटरवर सरळ सांगा, इंटरलायब्ररी लोन पाहिजे, म्हणजे ते दुसऱ्या लायब्ररीतून पुस्तक मागवून देतात. मी दोन वर्षं लाजत होतो, की एका मराठी कादंबरीसाठी एवढा व्याप कशाला करायला लावायचा, पण त्यांचं ते रोजचं काम आहे.

जुनी_वाचक: ताई, ज्ञानेश्वरी न सापडण्याचं कारण स्पेलिंग आहे. आपण डी-एन-वाय-ए लिहितो, पण इथले कॅटलॉग 'ज्ञ' ला जे-एन-ए लावतात. 'श' ला एस-एच नाही, नुसता एस. 'व' ला डब्ल्यू कधीच नाही, व्ही. आणि सगळ्यात गंमत म्हणजे 'च' ला फक्त सी, सी-एच म्हणजे 'छ'! शेवटचा अ पण लिहितात, म्हणजे इतिहास असेल तर शेवटी ए. अक्षरांवरच्या रेघा आणि टिंबं टाकली नाहीत तरी चालतं. वर्ल्डकॅटवर (जगभरच्या लायब्रऱ्यांचा एकत्र ऑनलाइन कॅटलॉग) असं शोधा, कुठल्या युनिव्हर्सिटीत आहे ते दिसेल, तेवढी माहिती छापून न्या म्हणजे लायब्रेरियनचं काम सोपं होतं. मला हे कळेपर्यंत मी इथे मराठी पुस्तकंच नाहीत म्हणून सगळ्यांना सांगत फिरत होते 😅

गहू_४८०: नाहीत कशी, ढीग आहेत. सासूबाईंना रेशनवरचा अमेरिकन गहू आठवत असेल, पीएल ४८० या अमेरिकन कायद्याखाली यायचा तो. त्या गव्हाचे पैसे भारताने रुपयांत चुकते केले आणि ते रुपये अमेरिकेला भारतातच खर्चायचे होते, तर १९६२ पासून त्यातल्या काही पैशांतून लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या दिल्ली ऑफिसने भारतीय भाषांतली पुस्तकं घेऊन इथल्या युनिव्हर्सिट्यांना पाठवायला सुरुवात केली. मराठीसुद्धा. म्हणून शिकागोसारख्या ठिकाणी अशी पुस्तकं निघतात जी पुण्यात रद्दीवाल्याकडेही मिळायची नाहीत. आपण गहू खाल्ला, त्यांनी पुस्तकं ठेवली.

चिंगीची_आई: जे-एन-ए टाकलं आणि भराभर आली!!! चार मागवली, त्यातलं एक काल मिळालं. पैसे काहीच घेतले नाहीत. सासूबाईंचा विश्वासच बसेना, अनामत नाही, वर्गणी नाही, सारखं विचारतायत की नक्की परत करायचंय ना.

रारीटनकाठचा: करायचंयच 😀 पण पैशांचं प्रत्येक वेळी असंच असेल असं नाही, काही युनिव्हर्सिट्या चार्ज लावतात, आधी विचारून घ्या. मुदत पण पुस्तक देणारी लायब्ररी ठरवते, रिन्यू होईलच असं नाही, तेव्हा जाड पुस्तक आधी वाचायला द्या. आणि वर जी कागदी पट्टी असते ना ती काढू नका, परत पाठवताना त्यांना तीच लागते.

चिंगीची_आई: पट्टी काढली नाहीये. फक्त सासूबाईंनी आल्या आल्या पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर घातलंय, पट्टीसकट. चालेल ना?