बालगंधर्वांनी स्त्रीभूमिका वेळेवर सोडायला हव्या होत्या का?

रंगपट :
बालगंधर्वांचा विषय निघाला की आपल्याकडे सगळे हात जोडून उभे राहतात. मलाही त्यांच्याबद्दल आदर आहे, पण एक गोष्ट स्पष्ट बोलायची आहे. गायक म्हणून त्यांना तोड नाही. नट म्हणून मात्र 1921 च्या सुमारास ते शिखरावर होते, आणि त्यानंतर त्यांनी स्वतःला आणि संगीत रंगभूमीलाही तिथेच अडकवून ठेवलं.

1905 साली किर्लोस्कर मंडळीत शकुंतला, 1911 साली ‘मानापमान’ची भामिनी, 1916 साली ‘स्वयंवर’ची रुक्मिणी, 1919 साली ‘एकच प्याला’ची सिंधू. श्रीमंतीचा तोरा मिरवणारी भामिनी आणि दारुड्या नवऱ्यासाठी दळणं दळणारी सिंधू या दोन टोकांच्या बायका एकाच नटाने उभ्या केल्या. कोणाही नटाला हेवा वाटावा अशी ही पंधरा वर्षं आहेत.

पुढे काय? चाळिशी उलटली, अंग सुटलं, तरी रुक्मिणी तीच. त्यांच्याआधी भाऊराव कोल्हटकरांनी शकुंतला आणि सुभद्रा गाजवल्या, पण वय वाढल्यावर पुरुषभूमिकांकडे वळून शर्विलक केला, 1899 साली ‘शारदा’मध्ये कोदंड केला. केशवराव भोसले लहानपणी शारदा करायचे, पुढे ‘मानापमान’चा नायक धैर्यधर झाले. म्हणजे वाट मळलेली होती. नारायणराव, म्हणजे बालगंधर्व, त्या वाटेने वेळेवर गेले नाहीत.

शिवाय ‘वन्स मोअर’. एकेक पद इतक्या वेळा की नाटक पहाटेपर्यंत चालायचं. शिशुपालाशी लग्न ठरतंय म्हणून रुक्मिणी कासावीस आहे, हे चौथ्या वन्स मोअरला कोणाच्या लक्षात राहणार?

सांगलीकर :
कोदंडाचं उदाहरण बरोबर आहे, पण तुम्ही एक हिशेब सोडलात. भाऊराव किर्लोस्कर मंडळीचे नट होते. बालगंधर्व 1913 पासून गंधर्व नाटक मंडळीचे मालक होते. बोडस आणि टेंबे हे दोन भागीदार बाहेर पडल्यावर सगळा गाडा त्यांच्या एकट्याच्या गळ्यावर चालत होता. नट, साजिंदे, आचारी, पडदेवाले, त्यांची बायकापोरं, सगळ्यांचं पोट त्यावर. वर डोक्यावर मोठं कर्ज. दिवाळं काढून मोकळं होणं सोपं होतं, पण ते त्यांनी केलं नाही. देणं आपलं म्हणून घेतलं आणि वर्षानुवर्षं नाटकं करून फेडलं.

लोक तिकीट काढायचे ते रुक्मिणी आणि भामिनी बघायला. अशा वेळी ‘आता मी पुरुषपात्र करतो’ म्हणणं म्हणजे सगळ्या बिऱ्हाडाच्या ताटावर पाय देणं. त्यांनी मोहापायी शालू सोडला नाही, असं म्हणणं मला अन्यायाचं वाटतं.

रंगपट :
सांगलीकर, कर्ज फेडलं याबद्दल मान खाली घालूनच बोलतो. पण ते कर्ज झालं कशाने? खरे शालू, खरे दागिने, भारी अत्तरं, पंगती. हिशेबाकडे मालकाने पाहायचं असतं. त्यांनी पाहिलं नाही, आणि त्याची किंमत त्यांच्यातल्या नटाने मोजली.

यमनप्रेमी :
‘वन्स मोअर’बद्दल राहवत नाही म्हणून लिहितो. ‘नाथ हा माझा’ची जुनी तबकडी नीट ऐका. यमन आहे, सगळ्यांच्या कानात बसलेला राग. पण ‘नाथ’ या शब्दावर ते ज्या लाडाने येतात तो लाड रुक्मिणीचा आहे, मैफलीतल्या गवयाचा नाही. तान घेतली तरी शब्द मोडत नाही. श्वास घेतात तोही अशा जागी, की वाक्याचा अर्थ तुटू नये. याला अभिनय म्हणायचं नाही तर कशाला म्हणायचं?

गद्य कुठे संपलं आणि पद कुठे सुरू झालं हे कळू न देण्याची त्यांची हातोटी होती. भास्करबुवा बखल्यांची तालीम, साथीला कादरबक्षांची सारंगी, पुढे थिरकवांसारखा तबलजी. हा सरंजाम रात्रभर तेच ते वाजवायला जमवलेला नव्हता. दुसऱ्या वेळी तेच पद नव्या जागा घेऊन यायचं, म्हणून लोक पुन्हा मागायचे. ‘स्वयंवर’ लिहितानाच खाडिलकरांनी पदांना एवढी जागा ठेवली, तिचा दोष गाणाऱ्याला कसा देता?

सुभद्रेची लेक :
मला रंगपट यांचं पटतं, पण कारण वेगळं आहे. घराघरांतल्या बायका बालगंधर्वांचं नेसणं, केसांची ठेवण, चालणं बघून तसं करायच्या. त्याच काळात एखाद्या बाईने रंगमंचावर पाऊल टाकलं तर तिच्या चारित्र्यावर बोट. निव्वळ बायकांच्या नाटक मंडळ्या होत्या, पण प्रतिष्ठित घरांतून त्यांच्याकडे नाक मुरडलं जायचं. ही रीत बालगंधर्वांनी घातली नाही, ती त्यांच्या आधीची. पण त्यांच्या यशामुळे ‘स्त्रीभूमिका पुरुषच उत्तम करतो’ हा समज आणखी घट्ट झाला, हे मान्य करायला हरकत नसावी.

हिराबाई बडोदेकरांनी नाटक कंपनी काढली. 1933 साली ‘आंधळ्यांची शाळा’त ज्योत्स्नाबाई भोळे आणि पद्मावती वर्तक उभ्या राहिल्या. त्या उभ्या राहिल्यावर काही आभाळ कोसळलं नाही. हे दहा-पंधरा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

आणखी एक. ‘मानापमान’च्या पहिल्या प्रयोगाच्या दिवशी त्यांची मुलगी गेली आणि तरीही ते उभे राहिले, ही हकिकत आपण फार कौतुकाने सांगतो. मला ती ऐकवत नाही. त्या घरात एक आईही होती, तिचं त्या रात्री काय झालं असेल हे आपण कधी विचारतच नाही.

सांगलीकर :
ताई, शेवटच्या मुद्द्यावर तुमच्याशी वाद नाही. बाकी, बायकांना अडवलं ते समाजाने, हे तुम्हीच लिहिलंत. पुढे गोहरबाई कर्नाटकी बालगंधर्वांच्याच मंडळीत आल्या आणि नायिका झाल्या. त्यावरून लोकांनी त्यांना किती बोल लावले! बाईला रंगमंच दिला तरी दोष, नाही दिला तरी दोष.

पंचगंगा :
सगळे बालगंधर्वांवरच बोलताहेत. 8 जुलै 1921 ला मुंबईत बालीवाला थिएटरात ‘संयुक्त मानापमान’ झालं, टिळक स्वराज्य फंडासाठी. धैर्यधर केशवराव, भामिनी बालगंधर्व. एकाचा आवाज तलवारीच्या पात्यासारखा, दुसऱ्याचा मध. त्या रात्री दोघांनी एकमेकांना कमाल गायला लावलं, असं जुनी माणसं सांगत आली. त्यानंतर तीन महिन्यांत, 4 ऑक्टोबरला केशवराव गेले. वय अवघं एकतीस.

माझ्या मते रंगपट ज्याला ‘अडकणं’ म्हणतात त्याचं मूळ इथे आहे. समोर तोलामोलाचा मालक-नट असला की नवं काही करावंच लागतं. मास्टर दीनानाथ होते, पण त्यांचा बाज निराळा, प्रेक्षकही निराळा. बालगंधर्वांना त्यांच्याच ताटातला घास काढून घेईल असा प्रतिस्पर्धी उरला नाही.

रंगपट :
पंचगंगा, हा मुद्दा माझ्या डोक्यात नव्हता, आणि तो वजनदार आहे. तरी माझं मूळ म्हणणं सोडत नाही. 1935 साली ‘प्रभात’च्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात ते एकनाथ झाले. पुरुषवेषातला तो शांत, सोसणारा माणूस त्यांच्या स्वभावाला शोभून दिसतो. मग 1937 साली ‘साध्वी मीराबाई’त पुन्हा स्त्रीवेष, वय एकोणपन्नास. एकनाथाच्या वाटेने ते पुढे गेले असते तर वडील, संत, राजे अशा भूमिकांची आणखी वीस वर्षं त्यांच्यापुढे होती.

यमनप्रेमी :
कॅमेऱ्यापुढे ते अवघडलेले होते, हे ‘धर्मात्मा’तही दिसतं. समोर प्रेक्षक नाहीत, दाद नाही, पद तुकड्यातुकड्याने चित्रित करायचं. तेवढ्यावरून पुरुषभूमिका त्यांना साधली असती असं धरून चालता येत नाही. मीराबाईवरून स्त्रीभूमिका थकल्या होत्या, असंही नाही. पुरुषभूमिकांचं बोलायचं तर त्यांच्या रंगमंचावरच्या पुरुषभूमिकांबद्दल बोला. त्या बघायला त्यांचेच चाहते का आले नाहीत, याचं उत्तर मला तुमच्याकडून हवं आहे.