मदत हवी आहे: एचओ स्केलचे निळे आयसीएफ (चेन्नईच्या कारखान्याच्या बनावटीचे) मॉडेल डबे, वेदरिंग (मळ-गंज दाखवणारं रंगकाम) फसलंय आणि व्हार्निश पांढरं पडलंय

खंडाळा८७

तीन डबे आहेत, एचओ (१:८७), एबीएस प्लास्टिकचे, रंगवूनच आलेले. दोन स्लीपर, एक जनरल. काळ धरलाय २००५ च्या आसपासचा, मार्ग मुंबई–पुणे–सोलापूर. म्हणजे गडद निळा डबा, खिडक्यांच्या रांगेवर फिकट निळा पट्टा, एअर ब्रेक. घोळ असा झालाय:

१. कारखान्याच्या रंगावर थेट अॅक्रिलिकचा तपकिरी वॉश फिरवला, पाण्यात पातळ करून. वाळल्यावर खिडक्यांखालच्या सपाट पत्र्यावर चहाच्या कपाची उठतात तशी कडी उठली.

२. ती झाकायला मॅट व्हार्निशचा स्प्रे कॅन मारला. जुलैत, गॅलरीत. एका स्लीपरचं छत आणि एक बाजू पिठूळ पांढरी झाली.

३. दुसऱ्या स्लीपरच्या काचा सुपरग्लूने बसवल्या, त्या आतून धुकं धरल्यासारख्या दिसतात.

४. तिन्ही छतं काळ्या पिगमेंटने (रंगाच्या भुकटीने) माखली आहेत, इंजिनाचा धूर म्हणून. नकली दिसतं, पण का ते कळत नाही.

एअरब्रश आहे (०.३ नोझल, ड्युअल अॅक्शन). तामियाचे अॅक्रिलिक आणि कॅमलिनच्या ऑइल कलरच्या ट्यूब हाताशी आहेत. सगळा रंग उतरवून पहिल्यापासून करू का?

रंगारी

उतरवू नका हो! डब्यावरचे आकडे, पट्टे, अक्षरं सगळं छापील असतं. आयपीएने (आयसोप्रोपिल अल्कोहोलने) रंगाआधी तेच निघेल आणि मग डिकल (चिकटवायची छापील अक्षरं) शोधत बसाल.

आधी पांढरं पडलेलं. कॅनमधला द्रावक उडताना पृष्ठभाग थंड पडतो आणि पावसाळी हवेतली वाफ त्या ओल्या थरावर बसते. कॅन लांब धरला असेल तर थेंब हवेतच अर्धे वाळून पावडरीसारखे पडतात, तो दुसरा प्रकार. बोट फिरवून पाहा. खरखरीत लागलं तर दुसरा, गुळगुळीत असून पांढरं असेल तर पहिला. खरखर असेल तर २००० नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं करून अगदी हलकं घासा, आकड्यांवरून मुळीच नाही.

त्यानंतर दोन्हींवर उपाय एकच. वरून पातळ ग्लॉस कोट. तामिया एक्स-२२ (पारदर्शक ग्लॉस) एक भाग, एक्स-२०ए थिनर दोन भाग, हवेचा दाब १५ पीएसआय, दोन हलके हात, मध्ये वीस मिनिटं. पांढरेपणा म्हणजे बारीक खडबडीवरून विखुरणारा उजेड असतो. ग्लॉसने खड्डे भरले की खालचा निळा परत दिसायला लागतो. चोवीस तास थांबा, मगच पुढे. आणि हवेतली आर्द्रता ७० टक्क्यांच्या वर असेल तर कॅन कपाटातच राहू द्या. थोडे पैसे वाचवायला म्हणून आर्द्रतामापक न घेणारे लोक डबे मात्र परत विकत घेतात.

पिटलाइन

काचांचं: सुपरग्लूची वाफ काचेवर बसते, ते ओरखडे नाहीत. काच निघत असेल तर काढा, कापसाच्या काडीवर प्लास्टिक पॉलिश घेऊन गोल गोल फिरवा. निघत नसेल तर आतून ब्रशने ग्लॉस क्लिअरचा एक हात द्या, बरंचसं धुकं मरतं. पुढच्या वेळी फेव्हिकॉलचे टाचणीच्या टोकाएवढे ठिपके, फक्त कोपऱ्यांत. आणि काचा नेहमी शेवटी, मॅट कोट झाल्यावर. नाहीतर सगळ्या खिडक्या संडासाच्या होतात.

वाघीण

छत नकली का दिसतं याचं उत्तर मार्गातच आहे. मुंबई–पुणे घाटात विजेची गाडी. १९३० मध्ये दख्खनची राणी सुरू झाली तीच विजेवर. मग २००५ च्या गाडीच्या छतावर काजळी आली कुठून? ते पिगमेंट धुऊन टाका. सील केलं नसेल तर कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब पुरे.

सोलबार

वाघीणताई, अर्धं बरोबर. गाडी सोलापूरपर्यंत जाते म्हणतायत आणि तेव्हा पुण्यापुढे डिझेल लागायचं. अल्को (जुन्या बनावटीचं डिझेल) इंजिन जोर वाढवताना काय धूर ओकतं ते तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे काजळी हवी, पण इंजिनालगतच्या एकदोन डब्यांवर, तीही इंजिनाकडच्या टोकाला दाट आणि पुढे विरत गेलेली. जाताना एक टोक इंजिनाला, येताना दुसरं, म्हणून रेकच्या (जोडलेल्या सगळ्या डब्यांच्या) दोन्ही टोकांना थोडी थोडी. मधल्या डब्यांच्या छतावर काळं जवळपास नकोच. तिथे मातकट करडा, आणि घुमटीसारख्या व्हेंटिलेटरांच्या मुळाशी गोळा झालेली गंजट धूळ.

वाघीण

मान्य, पुण्यापुढचं विसरले. मग छताचा मूळ रंग असा घ्या: तामियाचा एक्सएफ-६६ (फिकट करडा) तीन भाग, एक्सएफ-५७ (बफ, म्हणजे मातकट पिवळसर) एक भाग. चंदेरी नवाकोरा ठेवू नका, रंगलेलं छत लवकर मळकं करडं होतं. काजळीला शुद्ध काळा कधीच नाही. एक्सएफ-६९ घ्या, तो काळा असूनही थोडा मऊ पडतो.

खंडाळा८७

धन्यवाद सगळ्यांना. ग्लॉसने पांढरं खरंच गेलं, छत सोडून. छत तसंही परत रंगवतोय. कड्यांचं काय करू? ती आता व्हार्निशखाली अडकली आहेत. आणि एकूण मळ किती ठेवायचा? फोटो पाहिले तर प्रत्येक डबा वेगळा.

पिटलाइन

मळ "किती" हे शेवटी ठरतं. आधी तो कशाचा आणि कुठे हात पोहोचला नाही हे पाहा. डबा पीओएच (ठरावीक काळाने होणारी पूर्ण दुरुस्ती) करून माटुंग्याच्या वर्कशॉपमधून निघाला की ट्रॉली काळी कुळकुळीत, बाजू चकचकीत. त्यानंतर बाजू धुतल्या जातात, लांब दांड्याच्या ब्रशने किंवा वॉशिंग प्लांटमध्ये. टोकाच्या भिंती, छत आणि सोलबारच्या (डब्याच्या तळाच्या लांब कडेच्या) खालचं मात्र कोणी घासत नाही. म्हणून वापरातल्या डब्याची बाजू बऱ्यापैकी निळी असते आणि टोकाची भिंत मातीची. हौशी मॉडेलवर नेमकं उलटं दिसतं. बाजूवर सगळा जोर, टोकं कोरी. (ट्रॉली म्हणजे इथे बोगी, चाकांची. डब्याला बोगी म्हणणाऱ्यांशी भांडून मी थकलोय.)

बाजूवर मळ ठेवायचाच तर जिथे ब्रश शिरत नाही तिथे: हँडरेलच्या मागची फट, दाराच्या चौकटीचे कोपरे, खिडकीच्या गजांच्या मुळाशी, छताच्या पन्हाळीखालची रेघ. ही कामं ऑइलच्या पिनवॉशने (फक्त फटीत सोडायच्या पातळ रंगाने). बर्न्ट अंबर आणि थोडा काळा, पुठ्ठ्यावर दोन तास काढून ठेवा म्हणजे जवसाचं तेल पुठ्ठा पितो, नाहीतर आठवडाभर वाळत नाही आणि चकाकतो. मग मिनरल टर्पेंटाइनमध्ये दुधाच्या चहाइतका पातळ. ग्लॉसवर टोकदार ब्रशने नुसता स्पर्श करा, तो फटीतून स्वतः धावतो. अर्ध्या तासाने टर्पेंटाइनने जेमतेम ओल्या काडीने वरून खाली पुसा. आडवं कधीच पुसू नका, पाऊस आडवा ओघळत नाही.

एक धोका. स्क्रूचे खांब आणि छताच्या खिट्ट्या यांवर ताण असतो. उघड्या एबीएसवर तिथे टर्पेंटाइन साचलं तर दुसऱ्या दिवशी तडा. आतल्या बाजूने थेंब जाऊ देऊ नका.

रंगारी

कड्यांबद्दल: उकरून काढू नका. कडी उठली कारण पाण्याचा वॉश मॅट पृष्ठभागावर कडेने आधी वाळतो आणि सगळा रंग कडेला ओढून नेतो. आता ती कड हीच ओघळाची सुरुवात समजा. ग्लॉस झालाच आहे. कड्याच्या वरच्या कमानीवर डब्याच्या निळ्याचाच पातळ हात द्या, खालच्या कमानीतून ऑइलचा ओघळ उतरवा. कडं दिसेनासं होतं.

आणि खिडकीखाली ओघळ म्हटलं की पान आलंच. जनरलला जास्त, स्लीपरला कमी, एसीला नाही, कारण खिडकीच उघडत नाही. ताजं असेल तर बर्न्ट सिएनात किंचित अॅलिझरिन क्रिमझन, जुनं असेल तर बर्न्ट अंबर वाढवा. मोजमाप चुकतं ते इथे: खऱ्या डब्यावर वीतभर ओघळ म्हणजे एचओत जेमतेम अडीच मिलिमीटर. लोक दीड सेंटिमीटर ओढतात, म्हणजे खऱ्यात सव्वा मीटर! तीन शून्य नंबरच्या ब्रशने टिंब ठेवा, एक मिनिट थांबा, टर्पेंटाइनच्या जवळपास कोरड्या सपाट ब्रशने एकदाच खाली ओढा. एका बाजूला पाच-सहा खिडक्या पुरे, दारांजवळ दोन जास्त. सगळ्या खिडक्यांना सारखं केलंत तर ती नक्षी होते.

सोलबार

खालचा भाग राहिला. ब्रेकची धूळ. कास्ट आयर्न ब्लॉकची धूळ तांबूस गंजासारखी, कंपोझिट ब्लॉकची करडी-काळी. २००५ च्या निळ्या डब्याला दोन्हींची मिसळ चालेल. कर्जत–लोणावळा घाट १:३७ चा. तो उतरणाऱ्या गाडीच्या ट्रॉलीवर, सोलबारवर आणि बाजूच्या खालच्या पट्टीवर ही धूळ जास्त असणार.

एक्सएफ-६४ (तांबूस तपकिरी) दोन थेंब, एक्सएफ-५२ (मातकट) एक, एक्सएफ-६९ एक, त्यात एक्स-२०ए चे तीसेक थेंब. दिसायला घाण पाणी वाटलं पाहिजे. १२ ते १५ पीएसआय, दहा-बारा सेंटिमीटरवरून, नोझल खालून वर तिरका. बाजूवर वर चढत तीन-चार मिलिमीटरपर्यंत विरू द्या, पुठ्ठ्याची पट्टी अंतरावर धरून वरचा भाग झाका. चिकटपट्टी लावू नका, कड कापल्यासारखी येते. सात-आठ फेऱ्या मारा. तिसऱ्या फेरीला काहीच झालं नाही असं वाटेल आणि तुम्ही ट्रिगर ओढाल. ओढू नका.

ट्रॉली वेगळी काढून मारा, चाकं काढून. चाकाचा बाहेरचा चेहरा एक्सएफ-१० (तपकिरी) मध्ये एक्सएफ-६९ मिसळून ब्रशने. रुळावर टेकणारी कड आणि आसाची टोकं कोरी हवीत. आसाच्या टोकाला रंग लागला की डबा फिरायचा बंद. बसवण्याआधी चाकांच्या आतल्या चेहऱ्यांमधलं अंतर कॅलिपरने पाहा, १४.४ ते १४.५ मिलिमीटर.

खंडाळा८७

टोकांना पाइप आणि बफर जोडायचे आहेत. ०.४ मिलिमीटरची पितळी तार आणि पिन-वाइस (हाताने फिरवायचं बारीक ड्रिल) आहे. आणि एक शंका: जनरलच्या डब्यावर ९९२३४ छापलंय, ते चालतं ना?

वाघीण

नाही चालत! पहिले दोन आकडे बांधणीचं साल, पुढचे तीन प्रकार सांगतात. २०१ ते ४०० स्लीपर, ४०१ ते ६०० जनरल. तुमच्या जनरलवर स्लीपरचा नंबर आहे. मधला २ काढून ४ केलात की ९९४३४, काम झालं. लाकडी टूथपिकचं टोक चपटं करून, थिनरचा अर्धा थेंब लावून फक्त तोच आकडा खरवडा. मागे निळा थोडा वेगळा पडला तर पडू दे, नंबर पुन्हा लिहिलेल्या डब्यावर तसं ठिगळ शोभतं. टोकाच्या भिंतीवर रिटर्न डेटची (पुढच्या पीओएचला परत जायच्या तारखेची) छोटी अक्षरंही विसरू नका, आणि ती तारीख मळाशी जुळू द्या.

सोलबार

निळा म्हणजे एअर ब्रेक, म्हणजे प्रत्येक टोकाला दोन पाइप: ब्रेक पाइप हिरवा, फीड पाइप पांढरा. रंग फक्त नळाच्या टोकाकडे दिसतो, होज (लवचीक नळी) रबरी काळा (एक्सएफ-८५). पण आधी कपलिंग डावी-उजवीकडे पूर्ण हलवून पाहा. ४३८ मिलिमीटर त्रिज्येच्या वळणावर लटकलेला होज कपलिंगला अडतो आणि डबा रुळावरून उतरतो. आतल्या टोकांना होज अर्धेच ठेवा, बफरबीमच्या (बफर बसतात त्या आडव्या तुळईच्या) आडोशाला. पूर्ण लांबीचे होज आणि स्क्रू कपलिंग रेकच्या अगदी शेवटच्या टोकालाच. हँडरेलला ०.४ बरोबर आहे, एचओत साधारण ३५ मिलिमीटर जाड दांडा होतो.

रेलबस_नवा

थोडं अवांतर. डेमूच्या (डिझेलवर चालणाऱ्या लोकल गाडीच्या) ड्रायव्हिंग कारला हेच चालेल का? समोरच्या काचेचं काय करतात?

पिटलाइन

बाजू, ट्रॉली तेच. काजळी फक्त एक्झॉस्टच्या तोंडापासून मागे, आणि डेमू दोन्हीकडे धावते म्हणून पुढेही थोडी. समोरच्या काचेला वायपरच्या कमानीएवढा मास्किंग टेपचा तुकडा कापून चिकटवा (वायपरच्या खिळीवर टोक ठेवून कंपासच्या पात्याने), सगळ्या तोंडावर एक्सएफ-५७ चा पातळ हात मारा, टेप काढा. काचेवर स्वच्छ कमान, भोवती धूळ. किड्यांचे डाग हवे असतील तर टूथब्रशच्या केसांवरून बोट ओढून बफचे बारीक शिंतोडे, काचेच्या खालच्या अर्ध्यावर.

खंडाळा८७

अपडेट. छतं धुऊन परत रंगवली, इंजिनाकडची दोन टोकं सोडून कुठेही काळं नाही. ९९४३४ झाला. नऊ कड्यांपैकी सात गेली. उरलेली दोन जनरलच्या दारालगतच्या खिडकीखाली आहेत, त्यांचं पान केलंय, एक ताजं आणि एक जुनं. शेवटचा मॅट कोट मारायला दोन दिवस ऊन पडायची वाट बघतोय.

रंगारी

मॅट नको, सॅटिन (अर्धवट चकाकीचं) मारा बाजूंना. मॅट छताला आणि ट्रॉलीला. आणि कॅन आधी कोमट पाण्यात पाच मिनिटं, गरम नाही.