बेलाग कडा म्हणजे नेमका कसा? आणि बेलाग बोलणं?

रानवाट:
रविवारी हरिहर किल्ल्यावर जाऊन आले (पायऱ्यांवर ट्रॅफिक जॅम, असो). ग्रुपवर सगळ्यांचे फोटो पडले आणि प्रत्येकाखाली तेच कॅप्शन, "रांगडा सह्याद्री, बेलाग कडे". पण बेलागचा अर्थ विचारला तर कोणालाच धड सांगता येईना, कोणी म्हणे खूप उंच, कोणी म्हणे सरळसोट. मग एखादा माणूस बेलाग बोलतो म्हणतात ते काय?

कळवणकर:
उंचीचा काही संबंध नाही हो. बे म्हणजे विना, आणि लाग म्हणजे धरायला, पोचायला जागा, लागेबांधेमधला तोच लाग. जिथे हातपाय ठेवायला काहीच मिळत नाही तो कडा बेलाग. साल्हेर १५६७ मीटर, राज्यातला सगळ्यात उंच किल्ला, पण वाटेने गेलं तर दम लागतो तेवढाच, मी तरी त्याला बेलाग म्हणणार नाही. बोलण्याचंही तसंच, कुणाशी लागेबांधे नाहीत म्हणून कुणाची भीड नाही.

पंचवटीकर:
+१. हरिहरचंच बघा ना, पायऱ्यांच्या बाजूला बोटं अडकवायला खोबण्या कोरल्यात, म्हणजे कोणीतरी छिन्नी घेऊन त्या कातळाला लाग करून दिलाय. उलट इंग्रजांनी १८१८ मधे आपल्याकडच्या कितीतरी गडांच्या पायऱ्या सुरुंगाने उडवल्या, परत कोणी वर जाऊन बसू नये म्हणून. अलंग-मदनला आज रोप लागतो तो त्यामुळेच. ते गड साहेबाने बेलाग केले :)

रानवाट:
मग रामशेज किल्ला? तिथे तर पोरं चपला घालून चढतात.

कळवणकर:
अजिबात बेलाग नाही, म्हणूनच मला तो जास्त भारी वाटतो. १६८२ ला औरंगजेबाची फौज आली, त्यांना वाटलं हा काय, असा घेऊ, आणि गडाने कित्येक वर्षं झुंजवलं. वर तोफा नव्हत्या तर लाकूड पोखरून, त्याला कातडं चढवून तोफा केल्या आणि त्याच डागल्या. मोगलांनी खाली उंच लाकडी दमदमा (वरून मारा करायला बुरूज) उभारला, तरी जमेना. अजिंक्य मात्र म्हणू नका, शेवटी गेलाच त्यांच्याकडे. चिवट म्हणा.

पंचवटीकर:
आणि ते रांगडा कॅप्शनमधून काढा बुवा. आम्हा नाशिककरांना रांगडा म्हटलं की आधी लेट खरीपाचा कांदा आठवतो, मग भाव आठवतो, सह्याद्री राहतो बाजूला.