इंग्लंडमधल्या जुन्या कंट्री हाऊसच्या बागा चॅरिटीसाठी उघडतात, तिथे आई-बाबांना नेलंय का कोणी?

रानजाई:
नमस्कार मंडळी, आम्ही रेडिंगला असतो. मे अखेरीस साताऱ्याहून आई-बाबा येतायत, दीड महिना आहेत. लंडन मागच्या वेळी झालं, बाबांचे गुडघे आता म्युझियमला साथ देत नाहीत आणि आईचा जीव तसाही झाडांतच रमतो. परवा गावाबाहेर रस्त्याला पिवळी पाटी दिसली, रविवारी दुपारी बाग उघडी म्हणून, आत बघितलं तर केवढं मोठं जुनं विटांचं घर. कोणाच्या राहत्या घरी असं सरळ जायचं का? बुकिंग लागतं का, घर पण दाखवतात का, बाबांना चालायला जमेल का? आणि आईला दिसलं झाड की फांदी आणायची सवय आहे, ते चालतं का तिकडे?

केंटकर:
सरळ जायचं, बिनधास्त. ती पिवळी पाटी म्हणजे नॅशनल गार्डन स्कीम, लोकांच्या खाजगी बागा चॅरिटीसाठी उघडणारी संस्था. 1927 ला सुरू झाली, घरोघरी जाऊन रुग्ण बघणाऱ्या डिस्ट्रिक्ट नर्सेससाठी पैसे जमवायला. तेव्हा एनएचएस म्हणजे इथली सरकारी आरोग्यसेवा नव्हती ना, नर्सचा खर्च देणग्यांवरच चालायचा. तिकीट माणशी एक शिलिंग (तेव्हाचं नाणं, पौंडाचा विसावा भाग), पहिल्याच वर्षी 609 बागा उघडल्या आणि 8,000 पौंडांच्या वर जमले. आता इंग्लंड-वेल्स मिळून 3,000 च्या वर बागा आहेत, अगदी चाळीच्या परसाएवढ्या छोट्यासुद्धा. आमच्या केंटमधली सिसिंगहर्स्टची बाग 1938 ला लोकांसाठी उघडली तेव्हाही तिकीट एक शिलिंगच होतं, मालकीणबाई व्हिटा सॅकव्हिल-वेस्ट येणाऱ्यांना चक्क 'शिलिंगवाले' म्हणायच्या. घर बहुतेक ठिकाणी बंदच असतं, फक्त बाग. वर्षातून एकदोनच दिवस उघडणाऱ्या पुष्कळ आहेत त्यामुळे वेबसाईटवर तारीख बघूनच निघा, काहींना आधी बुकिंग लागतं, काही ठिकाणी गेटवरच पैसे घेतात.

माळीणबाई:
बाबांसाठी सांगते. प्रत्येक बागेच्या माहितीत व्हीलचेअरचं चिन्ह असतं का बघा, ते असेल तर गुडघ्यांनाही बरं. खडीच्या वाटा त्रास देतात, काठीचं टोक आत रुततं. आणि मोठ्या घरांच्या हिरवळीच्या टोकाला 'हाहा' असू शकतो, म्हणजे चर खणून एका बाजूने भिंत बांधलेली, मेंढ्या आत येऊ नयेत आणि घरातून बघताना मध्ये कुंपण दिसू नये म्हणून. घराकडून चालत गेलं की तो खरंच शेवटपर्यंत दिसत नाही, बाबांना तिकडे एकटं सोडू नका.
आईला मात्र भिंतींची बाग दाखवाच, वॉल्ड गार्डन. दुपारी दक्षिणेकडे तोंड असलेल्या भिंतीला हात लावून बघायला सांगा, वीट तव्यासारखी तापलेली असते, तीच ऊब रात्री झाडाला मिळते म्हणून या थंडीच्या देशात अंजीर आणि पीच पिकवायचे. काही जुन्या भिंती तर आतून पोकळ, खाली जाळ करून धूर आतून फिरवायचे. मी गेले होते तिथे पेअरचं झाड भिंतीवर दोन्ही हात पसरल्यासारखं तारांना बांधलेलं, आणि विटांमध्ये आधीच्या खिळ्यांची भोकंच भोकं. किती माळ्यांनी किती वर्षं ठोकले असतील! मी तर त्या भिंतीशीच अर्धा तास उभी होते.
फांदी नको हं खुडायला, अजिबात नको. मालकाला विचारा, बऱ्याचदा स्वतःच कापून देतात. रोपांचं टेबल असतं, ते पैसेही चॅरिटीलाच.

सुनंदा_लीड्स:
मला एवढंच सांगायचंय की तिकिटाचे पैसे आज मॅकमिलन, मेरी क्युरी (या आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्या संस्था), हॉस्पिस म्हणजे शेवटच्या दिवसांत काळजी घेणारी केंद्रं, अशांना जातात. माझ्या सासूबाईंच्या शेवटच्या आठवड्यात मेरी क्युरीची नर्स रात्री दहाला घरी यायची आणि सकाळी सातपर्यंत त्यांच्या उशाशी बसायची. आम्ही दोघं त्या रात्री झोपू शकलो ते तिच्यामुळे. एका पैशाचं बिल आलं नाही. एकदा पहाटे मी खाली आले तर ती त्यांच्या ओठांना ओल्या स्पंजने पाणी लावत होती आणि हळू आवाजात बोलत होती, सासूबाईंना इंग्रजी कळत नव्हतं तरी. तेव्हापासून दर उन्हाळ्यात आम्ही दोन तरी बागांना जातोच, आणि केक घरून नेत नाही, तिथलाच घेतो. गावातल्या बायका करून आणतात, लेमन ड्रिझल लवकर संपतो.

केंटकर:
सुनंदाताई, हे लिहिलंत बरं केलंत.
रानजाई, एक राहिलं. घेतलेलं रोप किंवा बी साताऱ्याला नेता येणार नाही, भारतात त्याला इम्पोर्ट परमिट आणि फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट (रोप कीड-रोगमुक्त असल्याचा दाखला) लागतं. ते तुमच्याच बाल्कनीत लावा. आणि जमलं तर मे सोडू नका, ऱ्होडोडेंड्रॉनची फुलझाडं तेव्हाच भरात असतात. त्यातले कितीतरी मूळचे आपल्या सिक्कीमचे, जोसेफ हूकर या इंग्रज वनस्पतीशास्त्रज्ञाने 1848 ते 1850 मध्ये तिथे हिंडून बिया लंडनच्या क्यू गार्डन्सला पाठवल्या, तिथून ते इथल्या मोठ्या घरांच्या बागांत पसरले.

रानजाई:
अहो, आई-बाबा तीन वर्षांपूर्वी सिक्कीमला जाऊन आलेत, आईच्या वहीत ते फूल दाबून ठेवलंय! आत्ताच फोनवर सांगितलं तिला, ती वही बॅगेत घालते म्हणाली. जूनच्या पहिल्या रविवारची एक बाग सापडली, व्हीलचेअरचं चिन्ह आहे, भिंतींची बागही आहे. सुट्टे पौंड काढून ठेवते, रोपांसाठी.